शेवटच्या डॉक्टरांची पात्रता

पत्र आलं तेव्हा डॉक्टर हात धूत होते. त्यांच्या नोकरीत हात धुण्याला फार मोठं स्थान होतं. कोपरापर्यंत एकदा साबण, मग पुन्हा साबण, आणि घरी गेल्यावर बायकोच्या देखरेखीखाली तिसऱ्यांदा. बाहेर हेडक्लार्क जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर उभे होते. तिच्या खाली ते कधीच उतरत नसत. शवागाराचा दरवाजा तिथून चांगला दहा हात लांब होता, पण हेडक्लार्कच्या मते वास आणि दुर्दैव या दोन्ही गोष्टी तिसऱ्या पायरीपर्यंतच चढतात. नाकाला रुमाल लावून त्यांनी दुसऱ्या हाताने कागद पुढे केला.

"डॉक्टर, एक सही हवी होती."

"कशावर?"

"इथून पुढे तुम्ही सही करायची नाही, हे तुम्हाला कळलं. त्यावर."

डॉक्टरांनी ओल्या हातांनीच पत्र घेतलं. पत्रात नम्र भाषेत लिहिलं होतं, की यापुढे शवविच्छेदन फक्त न्यायवैद्यकशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेल्या, किंवा त्या विषयाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरनेच करावे. इतरांनी पहिल्या तारखेपासून हे काम थांबवावे. आज अठ्ठावीस तारीख होती.

"मी सव्वीस वर्षं हे काम करतोय," डॉक्टर म्हणाले. "चार हजारांच्या वर केलीत."

"कोण नाही म्हणतंय?" हेडक्लार्क रुमालातून म्हणाले. "पात्रता तुमच्याकडे भरपूर आहे. फक्त तिचा कागद नाही."

हे खरं होतं. डॉक्टर साध्या वैद्यकीय पदवीवर रुग्णालयात लागले, त्याच आठवड्यात 'खाली कोण जाणार' असा प्रश्न बैठकीत निघाला होता. सगळे डॉक्टर ताबडतोब जमिनीकडे बघू लागले. हे नवे होते, त्यांना काही कल्पना नव्हती, ते खिडकीबाहेर बघत होते. वर असलेलं डोकं एकच दिसलं. त्या डोक्याला खाली पाठवण्यात आलं, आणि तेव्हापासून ते खालीच होतं.

कॉलनीत त्यांना सगळे 'शेवटचे डॉक्टर' म्हणत. मान होता, पण लांबून. दुसऱ्या डॉक्टरांच्या दारी सकाळपासून शेजारीपाजारी रिपोर्ट घेऊन उभे असतात. यांच्याकडे चुकूनही कुणी आपलं दुखणं काढत नसे. जिन्यात कुणाला खोकला आला आणि समोरून हे उतरताना दिसले, तर खोकला जागच्या जागी थांबे. बायकोला या शांततेची सवय झाली होती. तिची तक्रार एवढीच, की जेवताना ते समोरच्या माणसाच्या नखांकडे फार वेळ बघतात.

पत्रात एक सवलत होती. कलम चार, पोटकलम ब. पात्र डॉक्टरच्या हाताखाली दोन वर्षं काम केल्याचा दाखला ज्याच्याकडे असेल, त्याला परीक्षा माफ.

"मग प्रश्न मिटला," हेडक्लार्क म्हणाले. "तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मोठ्या सरांनी."

"आहेत का?"

"आहेत. चौऱ्याऐंशीचे आहेत."

"मग उद्याच जा. परवावर टाकू नका."

कॉलनीत डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शाळा तपासनीस राहत. निवृत्तीनंतर तपासायला शाळा उरल्या नाहीत म्हणून ते कॉलनी तपासत. त्यांना हे प्रकरण डॉक्टरांच्या बायकोकडून कळलं आणि ते चष्मा पुसत खाली आले. "मोकळ्या हाताने जाऊ नका," ते म्हणाले. "म्हातारी माणसं लिहीत बसत नाहीत. मसुदा घेऊन जायचा, समोर धरायचा, सही घ्यायची." मसुदा त्यांनीच केला. तो तीन पानी झाला. त्यात डॉक्टर 'सचोटीचे, मितभाषी व मृतांमध्ये लोकप्रिय' असल्याचं एक वाक्य होतं. ते डॉक्टरांनी महत्प्रयासाने कापायला लावलं.

मोठे सर बाल्कनीत भिंग घेऊन पेपर वाचत बसले होते. त्यांनी डॉक्टरांना ओळखलं, चहा सांगितला, तीन पानी मसुदा भिंगाखालून वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि झोकात सही केली. सहीखाली सवयीने पदवी लिहिली. डॉक्टरांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"सर, हे 'नेत्रविकारतज्ज्ञ' काय लिहिलंत?"

"माझी पदवी."

"तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर?"

"मग? तुला काय वाटलं?" सर म्हणाले. "खालचा माणूस रजेवर गेला, म्हणून मला पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं. बदली माणूस येईपर्यंत."

"मग?"

"एकोणीस वर्षांनी तू आलास. तुला पाहून मला इतका आनंद झाला होता, की तुझा गैरसमज झाला असणार."

झालाच होता. आपल्यात काहीतरी खास दिसलं म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी मिठी मारली, असं डॉक्टर सव्वीस वर्षं समजत होते.

"पण सर, मग तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मामांनी. तेव्हाच्या शवागारातले मदतनीस मामा. दुसरी पास होते." सरांनी भिंग खाली ठेवलं. "काय हात होता त्या माणसाचा!"

डॉक्टर चालतच घरी परतले. आपण केलेली चार हजार शवविच्छेदनं, त्यांतले अहवाल, कोर्टातल्या साक्षी, वकिलांनी केलेले नमस्कार, हे सगळं शेवटी एका दुसरी पास मामांवर उभं आहे, हा विचार पचायला त्यांना चार चौक लागले. पाचव्या चौकात त्यांच्या मनात आलं, की मामांचं शिक्षण मात्र पक्कं होतं. पण हे कलम चार ब मध्ये बसणार नव्हतं.

परीक्षेला बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिल्या तारखेला खाली नव्या मॅडम रुजू झाल्या. वय बत्तीस, पदव्युत्तर पदवी, विद्यापीठात दुसऱ्या. डॉक्टरांना वर बाह्यरुग्ण विभागात बसवण्यात आलं. एका खोलीत एक टेबल, एक पडदा, आणि दाराबाहेर जिवंत माणसांची रांग.

पहिला रुग्ण होता खोकल्याचा. डॉक्टरांनी त्याला आडवं व्हायला सांगितलं आणि सवयीप्रमाणे गप्प राहून पायांपासून सुरुवात केली. तळवे बघितले. नखं बघितली. पापणी वर करून बराच वेळ डोळ्यात पाहिलं. सव्वीस वर्षांत पलीकडून कुणी 'बघताय काय?' असं विचारलं नव्हतं. या माणसाने विचारलं.

"काही सापडलं का, डॉक्टर?"

डॉक्टर दचकून एक पाऊल मागे सरले. ते सरलेले पाहून रुग्ण उठून बसला. तेवढ्यात सिस्टर आत आल्या आणि सहज म्हणाल्या, "खालची किल्ली तुमच्याकडेच राहिली का, सर? शवागाराची?" रुग्णाने एकदा सिस्टरकडे, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, आणि शर्ट हातात घेऊनच तो निघाला. जाताना त्याला खोकला येत नव्हता. तेवढा एक रुग्ण आपण बरा केला, असं डॉक्टर पुढे अनेक दिवस स्वतःला सांगत राहिले.

परीक्षेच्या अर्जात नवी मेख निघाली. उमेदवाराने वीस शवविच्छेदनं केल्याची नोंदवही जोडायची होती.

"चार हजारांतली कुठलीही वीस घ्या," डॉक्टर म्हणाले.

"ती पात्रता नसताना केलेली आहेत," हेडक्लार्क म्हणाले. "ती मोजली, तर सव्वीस वर्षं ती तुम्हाला कोणी करू दिली, हा प्रश्न निघेल. तो नको निघायला."

"मग नवी करतो."

"पात्रता नसताना तुम्हाला आता करता येत नाहीत."

 हेडक्लार्क मनाने वाईट नव्हते. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, उलटं करून पाहिलं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक टीप सापडल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली 'प्रशिक्षणार्थी' म्हणून करता येत होतं. म्हणजे मॅडमच्या हाताखाली.

अशा रीतीने पंचावन्नाव्या वर्षी, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, छातीवर 'प्रशिक्षणार्थी' अशी पट्टी लावून डॉक्टर पुन्हा त्याच पायऱ्या उतरू लागले. पट्टी पाहून आताचे मामा पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

घरी अभ्यास सुरू झाला. तपासनिसांनी तीन रंगांत वेळापत्रक करून दिलं. त्यात सकाळी साडेपाचला 'विषे' होती, सहाला 'गळफास' आणि साडेसहाला 'चालणे'. प्रश्न विचारायचं काम बायकोकडे आलं. तिचा आवाज खणखणीत, भिंती पातळ. भाजी चिरता चिरता ती विचारायची, "अहो, गळा दाबला तर कुठली खूण राहते? आणि उशीने दाबलं तर राहते का?" शेजारच्या घरात ऐकू जायचं ते एवढंच. डॉक्टरांची उत्तरं हळू असत.

चौथ्या दिवशी शेजारीणबाई वाटी परत करण्याच्या निमित्ताने आल्या, दारातूनच डॉक्टर दिसतात का ते पाहिलं, आणि त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, घरी सगळं ठीक ना? काही असेल तर सांगा हो. तुम्ही माणूस गरीब."

"परीक्षा आहे माझी," डॉक्टर म्हणाले.

"संसार म्हणजे परीक्षाच," शेजारीणबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, आणि गेल्या. त्या दिवसापासून त्यांचे यजमान रोज संध्याकाळी बेल वाजवून डॉक्टर आहेत ना, याची खात्री करून जाऊ लागले.

नोंदवहीतलं अकरावं प्रकरण एका शुक्रवारी आलं. एक म्हातारी बाई घरातल्या जिन्याखाली मृतावस्थेत सापडली होती. डोक्याला मोठी जखम. घरात मुलगा आणि सून. शेजाऱ्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, की सकाळी घरातून भांडणाचा आवाज येत होता. बाहेरच्या बाकावर एका टोकाला मुलगा बसला होता, दुसऱ्या टोकाला सून एकटीच उभी होती, आणि मधल्या जागेत कुणी नातेवाईक बसत नव्हता. एक हवालदार दाराशी थांबला होता.

मॅडमनी जखम मोजली, कवटीचा तडा पाहिला. "डोक्याला मार," त्या म्हणाल्या, आणि मामांना लिहायचा तक्ता आणायला सांगितला.

प्रशिक्षणार्थीने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं नियमात होतं. डॉक्टर खोकले.

"काय सर?"

"काही नाही. जखम किती लांब आहे म्हणालात?"

"चार इंच."

"आणि रक्त किती आलंय?"

मॅडम थांबल्या. पुन्हा वाकल्या. कातडीखाली, हाडाच्या कडेला, जिथे रक्त साकळून यायला हवं होतं, तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"हृदय बघूया," डॉक्टर म्हणाले. "सावकाश. मुख्य नळीपासून."

नळीत गुठळी होती. पूर्ण बंद. भिंती जुन्या पाइपासारख्या कडक झालेल्या. बाई पडून गेली नव्हती; गेली म्हणून पडली होती. मॅडमनी सगळं दोनदा तपासलं, मोजमापं लिहिली, सही केली. मग हात धुऊन दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच परत आल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "बाहेर जाऊन काय बोलायचं, हे आम्हाला शिकवलंच नाही."

डॉक्टरांनी छातीवरची पट्टी काढून खिशात घातली आणि बाहेर गेले. मुलाच्या शेजारी बसले. उभं राहून सांगायचं नाही, हे त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरवलं होतं.

"तुमच्या आईंचं हृदय बंद पडलं," ते म्हणाले. "जिन्यात असतानाच. पडल्या त्या नंतर. पडल्याचं बहुधा त्यांना कळलंही नाही."

मुलाने तळहात गुडघ्यांवर पुसले. मग म्हणाला, "मी खालून हाक मारली होती. जोरात. चिडून. ती घाईने उतरायला लागली."

"ती नळी कित्येक वर्षं बंद होत आली होती. हाकेने नळ्या बंद होत नाहीत."

"नक्की?"

"मी आत्ता बघून आलोय," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा तो रडला. बाकाच्या दुसऱ्या टोकाची सून हळूच येऊन त्याच्याजवळ बसली. हवालदाराने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि वही मिटली. थोड्या वेळाने सगळे नातेवाईक आत जाऊन मॅडमचे आभार मानून आले. सही त्यांची होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी नोंदवही उघडली. अकराव्या नोंदीपुढे मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं : 'प्रशिक्षणार्थीची प्रगती समाधानकारक. वक्तशीर.'

"छापील पर्याय तीनच आहेत, सर," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "त्यातला हा सगळ्यात चांगला."

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर अर्धा तास आधी पोचले. दालनात सगळी पंचविशीतली मुलं-मुली. डॉक्टर आपला क्रमांक शोधत बाकांमधून फिरत असताना पर्यवेक्षकांनी टाळी वाजवली. "पालकांनी कृपया बाहेर थांबावं!" सगळ्या माना डॉक्टरांकडे वळल्या. त्यांनी प्रवेशपत्र वर धरलं. पर्यवेक्षकांनी ते फोटोशी ताडून पाहिलं, मग पुन्हा ताडून पाहिलं, आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "बसा काका."

बाक लहान होता. डॉक्टरांचा एक गुडघा आत गेला, दुसरा तीन तास बाहेर राहिला. मृत शरीर थंड होण्याच्या वेगावर दहा गुणांचा प्रश्न होता. हा तर घरचाच विषय. त्यांनी खोलीची हवा, अंगावरचे कपडे, फरशी, चालू राहिलेला पंखा, पलंगाखाली शिरलेलं मांजर असं सगळं पाहिलेलं लिहिलं, साडेचार पानं. शेवटचा प्रश्न होता : 'शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या पात्रतेच्या अटी लिहा.' तो वाचून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. सात महिने ते या एकाच प्रश्नात राहत होते. मग त्यांनी कलमं, पोटकलमं, पत्राचा क्रमांक, तारीख आणि मागच्या बाजूची बारीक टीपसुद्धा लिहून काढली.

शरीर थंड होण्याला त्यांना तीन गुण मिळाले. पात्रतेच्या अटींना दहापैकी दहा. एकूण त्रेपन्न, उत्तीर्ण पन्नासला. तपासनिसांनी गुणपत्रिका पाहून "मेहनत अजून हवी" असा शेरा तोंडी दिला.

प्रमाणपत्र यायला दोन महिने लागले. ते घेऊन हेडक्लार्क स्वतः आले, तिसऱ्या पायरीवर थांबले, चौथीकडे बघून पुन्हा थांबले.

"आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले. "पण तुमची नाही."

विद्यापीठात नोंदवहीवरून प्रमाणपत्र लिहिताना 'उमेदवार' आणि 'मृत' या दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. विसावी नोंद एका निवृत्त पोस्टमास्तरांची होती. प्रमाणपत्रानुसार ते पोस्टमास्तर न्यायवैद्यक परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि यापुढे कुठेही शवविच्छेदन करायला पात्र होते.

"आणि मी?"

हेडक्लार्कनी दुसरा कागद काढला. "तुमचं नाव मृतांच्या यादीत आहे."

"मृत्यूचं कारण काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना सवयीने सुचला.

"तपास प्रलंबित."

डॉक्टर पायरीवर बसले. त्यांना राग आला नाही. राग यायला जी ताकद लागते, ती परीक्षेच्या बाकावर संपली होती. बसल्या बसल्या त्यांना वाटलं, तपास खरंच प्रलंबित आहे. यात चूक अशी फारशी नाही.

"दुरुस्ती होईल हो," हेडक्लार्क घाईने म्हणाले. "एक दाखला जोडायचा. तुम्ही जिवंत असल्याचा. पात्र डॉक्टरच्या सहीने."

पात्र डॉक्टर तिथे एकच होत्या. मॅडमनी डॉक्टरांना स्टुलावर बसवलं. दाखला नुसता लिहून दिला असता तरी चाललं असतं, पण त्यांनी स्टेथोस्कोप काढला. आधी हात बघितले, मग नखं, मग पापणी खाली ओढून डोळे.  मनगट धरून पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे पाहत राहिल्या. मामा दारात उभे राहून श्वास रोखून निकालाची वाट पाहत होते.

मॅडमनी कागद ओढला आणि लिहिलं : 'तपासले. जिवंत आहेत. अत्यंत दमलेले. विश्रांतीची गरज.'

हेडक्लार्कनी जिन्यावरून वाचून दाखवायला लावलं. "पहिलं वाक्य ठीक आहे," ते म्हणाले. "विश्रांतीला वेगळा अर्ज लागेल."

तेवढ्यात वरून निरोप आला. सकाळी आलेल्या एका माणसाचे घरचे पोचले होते. बाहेर थांबले होते. काय झालं ते त्यांना कळायला हवं होतं. डॉक्टर सवयीने उठले, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, दाराकडे निघाले.

"सर, बसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण बाहेर—"

"तुम्हाला विश्रांती सांगितली आहे. लेखी." त्यांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला, हात पुसले आणि दार उघडून बाहेर गेल्या.

दार अर्धवट लोटलेलं राहिलं. डॉक्टर स्टुलावर बसून ऐकत होते. बाहेर आधी पावलं वाजली. मग बाक ओढल्याचा आवाज आला. मॅडम बसल्या होत्या. मग त्यांचा आवाज आला, थोडा अडखळत, पण सावकाश.

डॉक्टरांनी चपला काढल्या आणि पाय लांब केले.